काय कापावें आणि काय राखावें

कांहीं शब्द कानीं पडतांच मनांत एक चित्र उभें राहतें, आणि तें बहुधा खोटें असतें. ‘रोबोची शस्त्रक्रिया’ हा हल्लींचा तसाच एक शब्दप्रयोग होय. मोठ्या शहरांतील रुग्णालयांच्या जाहिरातींतून, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून आणि लग्नमुंजींतल्या गप्पांतून तो आतां घरोघर पोंचला आहे. ज्या घरांत कोणास कर्करोगाचें निदान झालें असेल, तेथें तर ह्या शब्दास मंत्राचें सामर्थ्य येतें. ‘खर्च होईल तो होवो, पण रोबोनेंच करून घेऊं’ असें मुलगे म्हणतात आणि आईही मुकाट्यानें मान हालविते. त्याच बैठकींत डॉक्टर आणखी दोन शब्द बोलून गेलेले असतात : ‘नर्व्ह स्पेअरिंग’, म्हणजे मज्जातंतु राखून केलेली शस्त्रक्रिया. त्यांकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. ह्या दोन गोष्टी एकच आहेत काय, आणि त्यांपैकीं कोणत्या गोष्टीस किती महत्त्व द्यावें, हा आमच्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

विवेचन करावयाचें तें गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधानें. असला विषय कौटुंबिक मासिकांत कशाला, असें म्हणणारे वाचक असतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणें भारतांत त्या एका वर्षांत सुमारें १ लक्ष २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारें ८० हजार स्त्रिया त्यानें मरण पावल्या. जो रोग इतक्या घरांत शिरतो त्याचें नांव घरांत काढूं नये, हा शिष्टाचार आतां परवडणारा नाहीं. आमचा जन्म शिकविण्यांत गेला; वैद्यकी हा आमचा व्यवसाय नव्हे. तेव्हां औषधोपचाराचा सल्ला देण्याचा अधिकार आम्ही सांगत नाहीं. डॉक्टरांपुढें बसल्यावर काय विचारावें आणि मिळालेलें उत्तर कसें समजून घ्यावें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रथम शरीराची रचना थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. गर्भाशय साधारण मुठीएवढा असतो. त्याची खालची निमुळती मान योनिमार्गांत उतरते. तिला गर्भाशयग्रीवा किंवा लौकिकांत गर्भाशयाचें मुख म्हणतात. तिच्या पुढें मूत्राशय, मागें मलाशय, आणि दोन्ही अंगांस मूत्रपिंडांकडून खालीं येणाऱ्या मूत्रवाहिन्या. ही सारी दाटी कमरेच्या हाडांनीं बनलेल्या एका अरुंद पात्रांत झालेली आहे. ह्या अवयवांना जागच्या जागीं धरून ठेवणारे जे बंध आहेत, त्यांतून रक्तवाहिन्या जातात, रोगाचे कण दूर नेऊं शकणाऱ्या लसिकावाहिन्या जातात, आणि त्यांच्याच सोबतीनें अत्यंत सूक्ष्म असे मज्जातंतूही जातात.

हे मज्जातंतू दोन दिशांनीं येतात. पाठीच्या कण्याच्या वरच्या अंगाकडून उतरणारे तंतू मूत्राशयास सांठा धरून ठेवण्यास साहाय्य करतात. त्रिकास्थीच्या दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या छिद्रांतून निघणारे तंतू त्यास आकुंचन पावून रिकामा होण्याची आज्ञा देतात. हे दोन्ही प्रवाह मलाशय आणि गर्भाशयग्रीवा ह्यांच्या बाजूस एकत्र मिळतात व त्यांचें एक जाळें बनतें. त्या जाळ्यांतून गर्भाशयाकडे, योनीकडे आणि मूत्राशयाकडे शाखा फुटतात. मूत्राशय भरला हें कळणें, वेळ येईपर्यंत धरून ठेवणें आणि वेळ येतांच पूर्ण रिकामा करणें, ह्या क्रिया आपण दिवसांतून अनेक वेळां कांहींही विचार न करतां करतों. त्या ह्या नाजुक धाग्यांवर अवलंबून आहेत.

आतां शस्त्रक्रियेचा इतिहास पाहूं. रोग ग्रीवेपुरता असला तरी तो समूळ काढावयाचा तर नुसता गर्भाशय काढून भागत नाहीं, हें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शल्यतज्ज्ञांच्या ध्यानांत आलें. व्हिएन्ना येथील डॉक्टर अर्न्स्ट व्हर्टहाइम ह्यांनीं १६ नोव्हेंबर १८९८ रोजीं पोट उघडून गर्भाशयाबरोबर त्याच्या बाजूचे बंध व योनीचा वरचा भागही काढून टाकण्याची आपली पहिली शस्त्रक्रिया केली, आणि १९११ सालीं अशा ५०० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या काळीं प्रतिजैविकें नव्हतीं, रक्त देण्याची आजच्यासारखी सोय नव्हती. आरंभीच्या रुग्णांत शस्त्रक्रियेनेंच दगावणाऱ्यांची संख्या भयंकर होती. पुढें बॉस्टन येथील डॉक्टर जो मेग्स ह्यांनीं १९४४ सालीं लसिकाग्रंथि पद्धतशीरपणें काढण्याची जोड देऊन ह्या शस्त्रक्रियेचें पुनरुज्जीवन केलें. ह्या सर्व थोर पुरुषांपुढें एकच प्रश्न होता : रुग्ण जगेल कीं नाहीं? जेथें जिवाचीच शाश्वती नाहीं, तेथें दुसरा प्रश्न सुचणें कठीण असतें.

परंतु स्त्रिया जगूं लागल्या, आणि दुसरा प्रश्न पुढें आला. बंध जितके दूरवर कापावे तितका रोग निपटून निघतो खरा. पण त्याच बंधांतून मज्जातंतू जात असल्यामुळें तेही तुटतात. मग मूत्राशय भरल्याचें कळत नाहीं, कळलें तरी तो पुरता रिकामा होत नाहीं, पोट दाबून किंवा रबरी नळी घालून लघवी काढावी लागते. कोणाची नकळत गळते. कोणास जन्माचें मलावरोध जडतें. आणि पतिपत्नींच्या सहवासांतही दुःख उत्पन्न होतें. हा रोग पुष्कळदां चाळिशीपन्नाशींतच गांठतो, म्हणजे बरी झालेली स्त्री पुढें तीस-तीस वर्षें जगावयाची असते. तीं तीस वर्षें कशीं जावयाचीं, हा प्रश्न लहान म्हणतां येईल काय?

आमच्या नात्यांतील एक मावशी आम्हांस आठवते. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं तिच्यावर अशी शस्त्रक्रिया झाली आणि ती रोगमुक्त झाली. त्यानंतर ती हळदीकुंकवास गेली नाहीं, पंढरपुरास गेली नाहीं, नातवाच्या मुंजीसही मांडवाच्या दाराशीं बसून लवकर परत फिरली. तिच्या घरची मंडळी म्हणत, आजारानें स्वभाव तुसडा झाला. पुढें तिच्या सुनेनें एके दिवशीं धीर करून विचारलें, तेव्हां कळलें कीं दर तीन तासांनीं ती घड्याळाकडे पाहून न्हाणीघरांत जाई, कारण मूत्राशय भरल्याची जाणीव तिला उरलीच नव्हती. आणि आपल्या वस्त्रांस वास येत असेल ह्या धास्तीनें ती चारचौघांत बसत नसे. रुग्णालयाच्या कागदावर ‘पूर्ण बरी’ असा शेरा होता. तो खोटा नव्हता. पण त्या शेऱ्यांत मावशीचें सारें आयुष्य आलें नव्हतें.

ह्या प्रश्नाकडे पहिल्यानें नीट लक्ष दिलें तें जपानी शल्यतज्ज्ञांनीं. क्योतो येथील हिदेकाझू ओकाबायाशी ह्यांनीं व्हर्टहाइमच्या रीतीहून अधिक खोलवर जाणारी आपली पद्धति १९२१ सालीं प्रसिद्ध केली. ती रोगावर प्रभावी होती. तीत मूत्राशयाचे मज्जातंतू मात्र वाचत नसत. पण तिच्यांत एक मोठा गुण होता. ती एकदम घाव घालून बंध तोडीत नसे. पदर एकेक करून सुटा करी. ज्यास पदर उलगडतां येतात, त्यास पदरांत काय आहे हें दिसूं लागतें. तोकियो येथील ताकाशी कोबायाशी ह्यांनीं १९६१ सालीं सांगितलें कीं, बाजूच्या बंधाचे दोन भाग करावे : वरचा रक्तवाहिन्यांचा, खालचा मज्जातंतूंचा, वरचा कापावा, खालचा राखावा. त्यांच्या मागून शोइची साकामोतो आदि तोकियोच्या शल्यतज्ज्ञांनीं ही रीति परिष्कृत केली. क्योतोचे शिंगो फुजी व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००७ सालीं तें जाळें आणि त्याची मूत्राशयाकडे जाणारी शाखा नेमकी कोठें सांपडते, हें पायरीपायरीनें दाखवून दिलें. गर्भाशयाकडे जाणारी शाखा तेवढी तोडावयाची, मूत्राशयाकडे जाणारी राखावयाची, इतका सूक्ष्म हा विवेक आहे. २००८ सालीं केर्लू व मॉरो ह्या दोघां तज्ज्ञांनीं ह्या शस्त्रक्रियांचे जे प्रकार पाडले, त्यांत मज्जातंतु राखणारीस ‘सी-१’ आणि न राखणारीस ‘सी-२’ अशीं नांवें आहेत. वाचकांनीं हीं दोन नांवें लक्षांत ठेवावीं. पुढें त्यांचा उपयोग होईल.

येथें एक गोष्ट स्पष्ट करूं. ओकाबायाशी आणि कोबायाशी ह्यांनीं हें सारें केलें तें पोट उघडून, आपल्या डोळ्यांनीं पाहून आणि आपल्या हातांनीं. त्यांच्यापाशीं कोणतेंही रोबोयंत्र नव्हतें. मज्जातंतु राखण्याची विद्या ही यंत्राची देणगी नव्हे. शरीररचनेच्या धीराच्या अभ्यासाची ती देणगी आहे.

संस्कृत ग्रंथांचा आम्हांस थोडाबहुत परिचय असल्यामुळें सुश्रुताचें स्मरण येथें होणें स्वाभाविक आहे. शल्यतंत्रांतील यंत्रें सांगतांना त्यानें १०१ ही संख्या दिली आणि त्या सर्वांत हातासच प्रधान यंत्र म्हटलें. शरीरांतील १०७ मर्मांत त्यानें बस्तीस, म्हणजे मूत्राशयास, अत्यंत नाजुक मर्मांच्या वर्गांत घातलें. मुतखडा काढण्याची शस्त्रक्रिया सांगतांना शस्त्र कोठें चालवावें हें सांगून तो थांबत नाहीं. कोणतीं आठ स्थानें कटाक्षानें टाळावीं हेंही सांगतो. सुश्रुतास मज्जातंतूंचें वर वर्णिलेलें जाळें ठाऊक होतें, असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें सत्यास सोडून होईल आणि त्या महान वैद्याचाही त्यांत गौरव नाहीं. परंतु शल्यविद्या म्हणजे जितकी कापण्याची तितकीच न कापण्याची विद्या, ही दृष्टि त्याच्याजवळ होती, आणि ती आजही जुनी झालेली नाहीं.

आतां यंत्राकडे वळूं. ह्या यंत्रास मराठींत ‘यंत्रमानव’ म्हणण्याचा जो प्रघात पडत आहे तो दिशाभूल करणारा आहे. तें यंत्र स्वतःच्या बुद्धीनें कांहींही करीत नाहीं. रुग्णाच्या पोटास बोटभर रुंदीचीं चारपांच छिद्रें करून त्यांतून एक दुर्बीण व बारीक हत्यारें आंत सोडतात. तीं हत्यारें यंत्राच्या बाहूंना जोडलेलीं असतात. आणि शल्यतज्ज्ञ त्याच खोलींत थोड्या अंतरावर मंचाशीं बसून, डोळे एका चौकटीस लावून, बोटांनीं तें सर्व चालवितो. त्याचीं बोटें जसजशीं वळतील तसतशीं आंतील हत्यारें वळतात. ‘दा व्हिंची’ नांवाच्या अशा यंत्रास अमेरिकेच्या सरकारी औषध-नियंत्रण खात्यानें २००० सालीं पोटाच्या शस्त्रक्रियांसाठीं आणि २००५ सालीं स्त्रीरोगांच्या शस्त्रक्रियांसाठीं मान्यता दिली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची व्यापक शस्त्रक्रिया ह्या यंत्राच्या साहाय्यानें केल्याचा वृत्तांत २००६ सालीं नॉर्वेंतून प्रसिद्ध झाला.

यंत्राचे गुण खरे आहेत आणि ते नाकारण्याचें कारण नाहीं. आंतील दृश्य कित्येक पटींनीं मोठें आणि खोलीसह दिसतें. साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेंत हत्यार ताठ काठीसारखें असतें. येथें त्याच्या टोंकास मनगटासारखा सांधा असतो. हाताचा सूक्ष्म कंप यंत्र गाळून टाकतें. रक्त कमी जातें, जखमा लहान राहतात, रुग्ण लवकर घरीं जातो. धाग्यासारखे मज्जातंतू ओळखून सोडवावयाचे असतां असें दृश्य आणि अशी हत्यारें हातीं आलीं, तर कुशल शल्यतज्ज्ञास आनंद व्हावा ह्यांत नवल नाहीं. उणीव होती ती स्पर्शाची : आंतला पदार्थ मऊ आहे कीं कठीण, हें बोटांस कळत नसे. २०२४ सालीं आलेल्या नव्या यंत्रांत दाबाची जाणीव हातास देण्याची सोय झाली आहे. असें असल्यामुळें शहाण्यासुरत्या शल्यतज्ज्ञांसही वाटूं लागलें कीं, आतां पोट उघडण्याचे दिवस संपले.

मग २०१८ सालीं एक धक्का बसला. अनेक देशांतील ३३ रुग्णालयांनीं मिळून एक चाचणी केली होती. प्राथमिक अवस्थेंतील गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या ६३१ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले : एका गटाची शस्त्रक्रिया पोट उघडून, दुसऱ्याची दुर्बिणीनें किंवा रोबोयंत्रानें. दुसरी रीति पहिलीच्या तोडीची आहे हें सिद्ध होईल, अशी बहुतेकांची अपेक्षा होती. झालें उलटें. साडेचार वर्षांच्या अखेरीस रोग न उलटतां असलेल्या स्त्रियांचें प्रमाण पोट उघडलेल्या गटांत शेंकडा ९६.५ होतें, तर दुसऱ्या गटांत शेंकडा ८६. तीन वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचें प्रमाण अनुक्रमें शेंकडा ९९ आणि ९३.८ होतें. हा फरक ध्यानांत येतांच नवीन स्त्रियांस चाचणींत घेणें मुदतीपूर्वींच थांबविण्यांत आलें. २०१९ च्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या वर सांगितलेल्या सरकारी खात्यानें कर्करोगासाठीं रोबोयंत्र वापरतांना सावधगिरी बाळगावी अशी जाहीर सूचना काढली. त्या चाचणीचा अखेरचा अहवाल २०२४ सालीं आला. त्यानेंही निष्कर्ष बदलला नाहीं.

असें कां व्हावें? एक तर्क असा कीं, दुर्बिणीनें काम करतांना गर्भाशय हालविण्यासाठीं त्याच्या मुखांतून एक दांडी घालतात. तिच्या धक्क्यानें रोगाचे कण सुटत असावेत. दुसरा असा कीं, योनीचा भाग पोटाच्या आंत कापला असतां ते कण आंतल्या आंत पसरत असावेत. पोट फुगविण्यासाठीं भरलेल्या वायूचाही त्यांत हात असावा असें कांहींजण म्हणतात. हे सारे तर्क आहेत. निश्चित कारण अद्याप ठरलेलें नाहीं. न्यायबुद्धीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, त्या दुसऱ्या गटांत रोबोयंत्रानें झालेल्या शस्त्रक्रिया शेंकडा १६ हून कमी होत्या. बाकीच्या साध्या दुर्बिणीच्या होत्या. म्हणूनच केवळ रोबोयंत्राची परीक्षा घेणारी निराळी चाचणी स्वीडनमधील कारोलिन्स्का संस्थेच्या पुढाकारानें २०१९ सालीं सुरू करण्यांत आली. यंत्र कायमचें दोषी ठरलें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ह्या विशिष्ट शस्त्रक्रियेपुरतें तरी पोट उघडून करण्याची जुनी रीतिच आज प्रमाण मानली जाते. मज्जातंतु राखणें त्या रीतींत पूर्णपणें शक्य आहे, कारण त्या विद्येचा जन्मच तेथें झाला.

यावरून दोन गोष्टींची जी गांठ जाहिरातींनीं बांधली आहे ती सुटावी. ‘रोबो’ म्हणजे मार्ग. ‘मज्जातंतु राखणें’ म्हणजे आंत गेल्यावर केलेलें काम. महागडें यंत्र वापरूनही मज्जातंतू तुटूं शकतात, आणि साध्या सुरीकात्रीनेंही ते राखले जाऊं शकतात. तसेंच, राखणें प्रत्येक वेळीं उचित असतें असेंही नव्हे. रोग मज्जातंतूंच्या जवळ पोंचला असेल, तर तेथें राखण्याचा मोह घातक ठरेल. प्रथम जीव, मग जिवाची सोय, हा क्रम ढळतां कामा नये. कधीं एका बाजूचे तंतू गेले तरी दुसऱ्या बाजूचे राखतां येतात, आणि त्यानेंही पुष्कळ लाभ होतो.

आणखी एक गोष्ट आमच्या मनास फार पटली. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या चाचणींत, गांठ दोन सेंटिमीटरांहून मोठी नाहीं आणि खोल शिरलेली नाहीं अशा ७०० स्त्रियांत, व्यापक शस्त्रक्रियेऐवजीं साधी गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया करून पाहिली. तीन वर्षांत कटिप्रदेशांत रोग उलटण्याचें प्रमाण व्यापक शस्त्रक्रियेंत शेंकडा २.१७ आणि साध्या शस्त्रक्रियेंत शेंकडा २.५२, म्हणजे जवळजवळ सारखेंच निघालें. मात्र चार आठवडे उलटून गेल्यावरही लघवी तुंबण्याचा त्रास व्यापक शस्त्रक्रियेनंतर शेंकडा ९.९ स्त्रियांना, तर साध्या शस्त्रक्रियेनंतर शेंकडा ०.६ स्त्रियांनाच होता. जेथें जाण्याचें कारणच नाहीं तेथें शस्त्र न नेणें, ही मज्जातंतु राखण्याची सर्वांत उत्तम रीति ठरली.

उलट, रोग पुढें गेलेला असेल तर शस्त्रक्रियेचा आग्रहच सोडावा लागतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयानें ६३३ स्त्रियांवर केलेल्या आणि २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या चाचणींत, आधीं केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रिया केलेल्यांपैकीं शेंकडा ६९.३ स्त्रिया पांच वर्षांनंतर रोगमुक्त होत्या. किरणोपचार व केमोथेरपी एकत्र दिलेल्यांत हें प्रमाण शेंकडा ७६.७ होतें. ‘कापून काढलें कीं सुटलों’ ही जी आपल्याकडील समजूत, तिला हें उत्तर आहे, आणि तें आपल्याच मुंबईंतून मिळालेलें आहे.

तेव्हां शस्त्रक्रियेचा सल्ला मिळालेल्या कुटुंबानें काय विचारावें? रोग कोणत्या अवस्थेंत आहे आणि गांठ किती मोठी आहे? साधी शस्त्रक्रिया पुरेल कीं व्यापकच हवी? व्यापक असल्यास ती सी-१ प्रकारची होईल काय. होणार नसल्यास कां? पोट उघडून करणार कीं यंत्रानें. यंत्रानें करणार असल्यास २०१८ सालच्या चाचणीचा निष्कर्ष आमच्या रुग्णास कां लागू नाहीं? आपण अशा शस्त्रक्रिया किती केल्या आहेत? नंतर रबरी नळी किती दिवस राहील, आणि ती काढल्यावर मूत्राशयांत किती मूत्र शिल्लक राहतें हें मोजून पाहणार ना? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहींत. चांगला शल्यतज्ज्ञ त्यांनीं रागावत नाहीं. आणि जो केवळ यंत्राच्या किंमतीचें वर्णन करून उत्तर देतो, त्याच्याकडून उठून दुसऱ्या तज्ज्ञाचें मत घेण्यास हरकत नाहीं.

हे प्रश्न विचारावे कोणीं, हाही एक प्रश्नच आहे. आमच्या घरांतून अजूनही डॉक्टरांशीं बोलणें होतें तें यजमानांचें किंवा थोरल्या मुलाचें; जिच्या शरीराची गोष्ट ती शेजारीं पदर सांवरून बसलेली असते. आमचें सांगणें असें कीं, तिनें स्वतः बोलावें, आणि पुरुषांनीं तिला बोलूं द्यावें. ज्या विषयाचा उच्चार मुलासमोर करणें तिला जड जाईल, त्यासाठीं कांहीं वेळ मुलानें बाहेर जाऊन बसावें. शस्त्रक्रियेनंतरही घरांतील कोणी जाणती सून, लेक किंवा बहीण हिनें ‘लघवीला नीट होतें ना, कळतें ना’ हें सरळ शब्दांत विचारावें. ह्या त्रासांवर व्यायाम, औषधें व स्वच्छपणें नळी वापरण्याची शिकवण असे उपाय आहेत. पण न सांगितलेल्या दुःखास कोणताच उपाय लागू पडत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट. राखावें कीं कापावें, साधी शस्त्रक्रिया कीं व्यापक, हे सारे पर्याय ज्या स्त्रीचा रोग लवकर सांपडला तिच्याच वाट्यास येतात. आणि तो लवकर सांपडतो, हें महाराष्ट्रांतच सिद्ध झालें आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून टाटा स्मारक रुग्णालयानें दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना तयार करून, गर्भाशयमुखास ॲसिटिक ॲसिडचें पातळ द्रावण लावून नुसत्या डोळ्यांनीं तपासण्याचें काम त्यांच्याकडे दिलें. त्यायोगें ह्या रोगाचे मृत्यू शेंकडा ३१ नें घटले, असें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत ३० ते ५९ वर्षांच्या १ लक्ष ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास बार्शी येथील कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्यानें झाला. रोगास कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदांच केलेली तपासणी मृत्यूंचें प्रमाण सुमारें निम्म्यावर आणते, असें त्यांत २००९ सालीं आढळलें. त्या विषाणूवरील लसही आतां पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें बनविली असून २०२२ सालीं तिला सरकारी मान्यता मिळाली आहे. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना ती टोंचून घेणें सर्वांत हितकारक असतें.

आमच्या वाचक भगिनींपैकीं ज्यांनीं तिशी ओलांडली आहे, त्यांनीं हा अंक मिटण्यापूर्वीं तपासणीचा दिवस पंचांगावर लिहून ठेवावा. यजमानांनीं त्या दिवशीं स्वयंपाकाची चौकशी करूं नये, आणि तिच्याबरोबर जावें.